दात्याचे वर्ष आणि जामखेडचे वर्ष

नगर जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, जिथे बालाघाटाचे उघडे माळ बीड आणि धाराशिवच्या हद्दीला जाऊन भिडतात, तिथे जामखेड तालुका आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना तो खर्ड्यामुळे ठाऊक असतो, कारण १७९५ साली मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई याच तालुक्यातील खर्ड्याजवळ झाली. अहिल्याबाई होळकरांचा जन्म याच तालुक्यातील चौंडीचा, आणि सरकारी दप्तरात या जिल्ह्याला आता जे अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे, ते चौंडीच्या नात्यानेच. परंतु सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या देशोदेशींच्या विद्यार्थ्यांना जामखेडचे नाव ज्या कारणाने पाठ असते, ते कारण नगरच्या एसटी स्थानकावर उभ्या असलेल्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना सांगता येईल. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यासाठी लागलेला सुरुवातीचा पैसा बव्हंशी परदेशातून आला. तो कसा आला, कोणत्या अटींवर आला आणि त्याचे पुढे काय झाले, हा या लेखाचा विषय.

परदेशी वैद्यकीय मदत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे विमानातून उतरणाऱ्या औषधांच्या पेट्या, पांढरे तंबू आणि गळ्यात नळी अडकवलेले गोरे डॉक्टर उभे राहतात. वस्तुतः या व्यवहाराचा फार मोठा भाग कागदावर चालतो. आधी प्रस्ताव जातो. त्याची छाननी होऊन मंजुरी येते. मंजूर रकमेची बाबवार वाटणी ठरते, म्हणजे औषधांना इतके, वाहनाला इतके, पगाराला इतके. मग हप्ता येतो. मुदत संपली की विनियोग दाखला आणि अहवाल जातो. आणि त्या अहवालात काही ‘दिसले’ तरच पुढचा हप्ता सुटतो. ही सगळी यंत्रणा बहुधा एका वर्षाच्या, फार तर तीन वर्षांच्या मापाने चालते. दात्याचाही यात सर्वस्वी दोष नाही, कारण त्यालाही कोणाला तरी हिशेब द्यायचा असतो: जर्मनीतल्या एखाद्या चर्चच्या सभासदांना, अमेरिकेच्या काँग्रेसला किंवा दरमहा ठरावीक रक्कम पाठवणाऱ्या पॅरिसच्या शाळामास्तराला. अडचण इतकीच की क्षयरोग, कुपोषण, बाळंतपणातील मृत्यू आणि अस्पृश्यता यांना आर्थिक वर्ष ठाऊक नसते.

नगरला परदेशी मदतीचा परिचय जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली येथे ठाणे दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळामागून दुष्काळ पडले, तेव्हा या मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांनी अमेरिकेतून येणाऱ्या दुष्काळनिधीचे वाटप सांभाळले आणि त्याबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळाले. १९०० साली न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने आपल्या वाचकांकडून वर्गणी गोळा केली, अमेरिकन सरकारने आगबोटीची व्यवस्था केली आणि ‘क्विटो’ नावाची ती बोट मका भरून मुंबईला आली. वर्तमानपत्राने वर्गणी काढावी, सरकारने वाहतूक द्यावी आणि वाटप जागच्या माणसांनी करावे, ही आजच्या मदतसंस्थांची घडी तेव्हाच बसलेली दिसते. मिशनरी घराण्यातील डॉ. ज्युलिया बिसेल यांनी नगरात स्त्रियांसाठी रुग्णसेवा उभी केली. ह्यूम यांची कन्या रूथ हीही डॉक्टर होऊन तेथेच राबली. मुक्तिफौजेचे बूथ हॉस्पिटल तर अजून उभे आहे, आणि कोविडच्या पहिल्या लाटेत नगरकरांनी ते पुन्हा जवळून पाहिले. या साऱ्या कामामागे धर्मप्रसाराचा हेतू होता की नाही, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षे चालला आहे. तो येथे उकरण्याचे कारण नाही. हेतू होता हे मिशनने कधी लपवले नाही, आणि बाळंतीण वाचली हे टीकाकारांनीही कधी नाकारले नाही.

आरोळे या परंपरेतूनच आले, पण तिच्याशी भांडत आले. रजनीकांत याच जिल्ह्यातले. आईवडील दोघेही शिक्षक. मेबल जबलपूरच्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघांची गाठ पडली आणि १९६० साली विवाह झाला. पुढे नेवासे तालुक्यातील वडाळा मिशनच्या रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले. दवाखान्यात गर्दी मावत नसे, रुग्ण बरे होऊन घरी जात, आणि काही महिन्यांनी तेच मूल त्याच हगवणीने पुन्हा त्याच बाकावर येऊन बसे. रुग्णालय जितके उत्तम चाले तितके गाव जसेच्या तसे राही, ही विसंगती ज्याला टोचत नाही असा डॉक्टर सुखी असतो; आरोळ्यांना ती टोचली. १९६६ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि अखेर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य शिकले. टेलर हे स्वतः भारतात जन्मलेले मिशनरीपुत्र, त्यामुळे आपला विद्यार्थी कोणत्या गावाबद्दल बोलतो आहे हे त्यांना नकाशा न उघडता कळत असावे.

याच सुमारास जिनिव्हामध्ये जागतिक चर्च परिषदेने ख्रिश्चन मेडिकल कमिशन नावाचे मंडळ स्थापन केले होते, साल १९६८. जगभरच्या मिशन रुग्णालयांचा हिशेब मांडल्यावर या मंडळाच्या ध्यानात आले की पैसा जवळजवळ सगळा इमारती, खाटा आणि शस्त्रक्रियागृहे यांवर खर्च होतो, आणि ज्या वस्तीसाठी रुग्णालय बांधले तिच्यातील बहुसंख्य माणसे त्याच्या दारापर्यंत कधी येतच नाहीत. म्हणून रुग्णालयाबाहेरचे काम करणाऱ्यांचा शोध सुरू झाला, आणि आरोळ्यांची योजना नेमकी त्याच वेळी टेबलावर आली. मंडळाने ती उचलून धरली; युरोपातील चर्चशी निगडित मदतसंस्थांकडून पैसा येण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. जामखेडच्या पुढाऱ्यांनी या डॉक्टरांना बोलावून घेतले आणि दवाखान्यासाठी जागा दिली: गुरांच्या जुन्या दवाखान्याची इमारत. पहिल्या टप्प्यात सुमारे ३० गावे आणि ४०,००० लोकवस्ती ठरली.

येथवर सर्व काही प्रस्तावाप्रमाणे चालले. नंतर १९७२ उजाडले.

त्या वर्षाबद्दल ज्यांच्या घरात कोणी बोलले नाही असे नगर, बीड किंवा सोलापूरकडचे कुटुंब सापडणे कठीण. पाऊस आधीच दोन वर्षे लहरी झाला होता, तो त्या साली जवळजवळ फिरकलाच नाही. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली, आणि महाराष्ट्रभर खडी फोडण्याच्या, नाला बंडिंगच्या, पाझर तलावांच्या दुष्काळी कामांवर माणसांची रीघ लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात ही मजूरसंख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली होती. रेशनवर लाल मिलो मिळे आणि कामावर सुकडी. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका मिलोच्या भाकरीचे वर्णन करताना अजूनही तोंड वेडेवाकडे करतात, आणि लगेच पुढे म्हणतात की त्यावरच जगलो.

आता कल्पना करावी की आपण युरोपातल्या मदतसंस्थेच्या कचेरीत बसलो आहोत. मंजूर केलेला प्रस्ताव आरोग्याचा आहे: लसीकरण, कुटुंबनियोजन, गरोदर स्त्रियांची तपासणी. आणि जामखेडहून कळते की लोकांना यांपैकी काहीही नको आहे, त्यांना पाणी आणि अन्न हवे आहे. बाबवार वाटणीला चिकटून राहणारा कारकून अशा वेळी ‘प्रस्तावाबाहेरील खर्च’ असा शेरा मारून मोकळा होतो, आणि नियमाने पाहता त्याचे चुकतही नाही. जामखेडच्या बाबतीत तसे झाले नाही. आरोग्याचा प्रकल्प असूनही त्याला पाण्यात आणि अन्नात हात घालता आला. आलेल्या धान्यावर गावोगावी लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला. रांधणे, वाटणे, हिशेब ठेवणे हे सगळे गावकऱ्यांकडे. पाणी काढण्यासाठी खोल कूपनलिका घेणारी यंत्रे आली. माझ्या मते या कामाच्या इतिहासातील निर्णायक क्षण हाच. पुढे जे घडले त्याचे श्रेय आरोळ्यांना जितके, तितकेच मूळ चौकटीबाहेरचा खर्च चालू देणाऱ्या दात्यांनाही आहे. त्यांची नावे मात्र कोठे कोरलेली नाहीत.

कूपनलिकांची गोष्ट जरा थांबून पाहण्याजोगी आहे. गावात पाणी लागण्याच्या जागा भूगर्भतज्ज्ञ दाखवत, पण त्यांतली कोणती निवडायची हा प्रश्न उरे, आणि तेथे आरोळ्यांनी एक शांत कावा केला. दलित वस्तीत पाणी लागत असेल तर बोअर तेथेच घ्यायचा. पाटलाच्या वाड्यासमोर पंप बसता तर दलित स्त्रीला घागर लांब ठेवून कोणी पाणी घालील म्हणून ताटकळावे लागले असते. तो तिच्याच दारात बसला, त्यामुळे घागर घेऊन वस्तीत येण्याची पाळी पाटलाच्या सुनेवर आली. भाषण नाही, मोर्चा नाही. तहान आणि हातपंप यांनी मिळून ते काम केले. सगळ्या गावांतून भेद नाहीसा झाला असा दावा कोणी करू नये, पण एका दुष्काळात जे झाले ते एरवीच्या काळात सहजासहजी झाले नसते.

त्या हातपंपाचीही एक उपकथा आहे, आणि ती मराठी मुलखातलीच आहे. त्या वेळी सरकारी बोअरवर जे बिडाचे पंप बसत ते युरोप-अमेरिकेतील शेतघरांसाठी आखलेल्या नमुन्यांच्या नकला होत्या. तेथे एक कुटुंब दिवसातून काही वेळा दांडा हलवी. येथे सारे गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत त्याला लोंबकळे. बिजागरी झिजे, बीड तडके, आणि बोअरमध्ये पाणी असूनही पंप मुका होऊन पडे. जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या आश्रयाने चालणाऱ्या कार्यशाळांनी पोलादाचा, एकाच कण्यावर फिरणारा भक्कम पंप घडवला. या सोलापूर पंपाच्या पायावर युनिसेफ आणि भारत सरकार यांनी पुढे ‘इंडिया मार्क टू’ तयार केला, जो आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही दिसतो. मदतीच्या पैशातून निघालेली सर्वात टिकाऊ वस्तू कोणती असे कोणी विचारले, तर रुग्णालयांच्या इमारती सोडून मी या पंपाकडे बोट दाखवीन.

दुष्काळ ओसरला तेव्हा गावांत शेतकरी मंडळे तयार झाली होती. त्यांची सुरुवात व्हॉलीबॉलच्या जाळ्याभोवती झाली, कारण खेळताना चेंडू कोणाच्या हातून आला हे पाहण्यास सवड नसते. प्रश्न उरला तो औषधोपचाराचा. प्रारंभी प्रशिक्षित परिचारिका गावांत ठेवून पाहिल्या. परगावच्या तरुण मुलीने एकटीने गावात राहणे अवघड, आणि राहिली तरी बाळंतपणासाठी तिला कोणी घरात घेईना. तेव्हा गावकऱ्यांतूनच सूचना निघाली की आमच्यातल्याच बाईला शिकवा. अशा रीतीने गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित, काही विधवा वा टाकलेल्या, अशा स्त्रिया आठवड्यातून एकदा जामखेडला येऊन शिकू लागल्या.

काय शिकत असत? मुलाच्या दंडाला पट्टी लावून त्याची उपासमार मोजणे, साखर-मीठ-पाण्याचे प्रमाण, बाळंतपणाला नवे पाते, स्वच्छ दोरा आणि साबण, कातडीवरचा फिकट, बधिर चट्टा ओळखणे, म्हणजे कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढण्याऐवजी घरीच गोळ्या सुरू करता येतील. आणि एक गोष्ट अशी की जी पाहून शहरातले डॉक्टर अस्वस्थ होत: त्यांच्या हाती स्टेथोस्कोप दिला जाई. जी बाई कालपर्यंत सासूसमोर मान वर करत नव्हती ती गळ्यातल्या नळीने मुलाच्या छातीतली धडधड ऐके, आणि मग ती नळी मुलाच्या आईच्या कानाला लावून तिलाही ऐकवी. विद्या झाकून ठेवण्यासाठी नसते हे सांगण्याची ही रीत मला कोणत्याही प्रबंधापेक्षा परिणामकारक वाटते. या स्त्रियांपैकी मुक्ताबाई पोळ पुढे वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातली झगमगती झुंबरे आणि खेड्यातला साधा दिवा यांची त्यांनी तुलना केली, आणि एका दिव्यावरून दुसरा लावता येतो, झुंबराचे तसे नसते, हे तिथल्या तज्ज्ञांच्या पदरात घातले.

आता आकडे. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली या भागात हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९७६ मध्ये हे प्रमाण ५२ वर आले. पाच वर्षांत इतकी घट, असा अहवाल कोणत्याही दात्याच्या कचेरीत चौकटीत लावून ठेवला जाईल. पण पुढचा आकडा पाहावा: १९८६ मध्ये ४९. म्हणजे दहा वर्षांत अवघी तीनाची घट. मग १९९३ मध्ये एकदम तिशीच्या आत. १९७८ ते १९८४ या काळात कोणी तीन-तीन वर्षांच्या मंजुरीने पैसा दिला असता, तर त्याने हिशेब करून सरळ निष्कर्ष काढला असता की काम थकले, आता पैसा अन्यत्र वळवावा. त्या ‘थकलेल्या’ दशकात मुली शाळेत जात होत्या, महिला मंडळे बचत करत होती, लग्नाचे वय वर सरकत होते, माळावर झाडे लागत होती. बालमृत्यूच्या रकान्यात यांपैकी काही दिसत नाही; दिसते ते पुढच्या पिढीतल्या आयांच्या मुलांत. या एका सपाट रेषेकडे मी पुनःपुन्हा परत येतो, कारण मदतीच्या वार्षिक हिशेबाची सारी उणीव तिच्यात साठवलेली आहे.

जगाने जामखेडची दखल लवकर घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवांविषयी जे पुस्तक काढले त्यात जामखेडवर प्रकरण आहे. १९७८ साली अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, त्याच्या पूर्वतयारीत अशा प्रयोगांचा मोठा वाटा होता. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार आरोळे दांपत्याला मिळाला. पण नेमके त्याच वर्षी वाऱ्याची दिशा बदलली. समग्र आरोग्य फार महाग आणि फार दीर्घ, तेव्हा मोजता येतील असे मोजके उपाय निवडावेत, असा विचार अमेरिकेतून पुढे आला. युनिसेफने वाढीचा तक्ता, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण यांवर भर दिला. या उपायांनी असंख्य मुले वाचली हे निर्विवाद आहे, आणि त्यांची थट्टा करणाऱ्यांनी एकदा गोवर झालेले घर पाहावे. तरीही तेव्हापासून पैसा रोगाच्या नावाने येऊ लागला: पोलिओचा निराळा, एड्सचा निराळा, मलेरियाचा निराळा. पाणी, जात आणि बाईचे शिक्षण यांच्या नावाने आरोग्याचा निधी मागणे कठीण होऊन बसले.

आपल्या सरकारी यंत्रणेनेही अनुकरण केले, पण आपल्या पद्धतीने. १९७७ च्या २ ऑक्टोबरला जनता सरकारने गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली. निवडले गेले ते बहुधा पुरुष, पुष्कळदा सरपंचाचे भाचे-पुतणे. २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा सेविका आल्या, तेव्हा गावातली स्त्रीच हवी हा जामखेडचा आग्रह मान्य झाला, पण तिच्या मोबदल्याचा प्रश्न मानधन आणि कामागणिक पैसे यांच्या घोळात अडकला. आशांचे मोर्चे आपण वरचेवर पाहतो. जामखेडवरचे आक्षेपही खरे आहेत. हे काम एका असामान्य जोडप्याच्या बळावर उभे राहिले, आणि मेबलताई १९९९ मध्ये व डॉक्टर २०११ मध्ये गेल्यावर तीच धग टिकवणे पुढच्या पिढीला, म्हणजे त्यांच्या मुलांना, सोपे गेले नसणार. विनावेतन राबणाऱ्या बाईच्या सेवाभावावर आरोग्यव्यवस्था उभी करावी का, याचे उत्तर मला तरी ‘नाही’ असेच द्यावेसे वाटते.

आता आजच्या वर्षाकडे येऊ. परदेशी देणगी घेणाऱ्या भारतीय संस्थेला विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते. मूळ कायदा १९७६ चा, सध्याचा २०१० चा, आणि २०२० ची दुरुस्ती फार कडक. तिच्यानुसार प्रत्येक परदेशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेच्या खात्यात जमा व्हावी लागते, मग संस्था जामखेडची असो वा अकोल्याची. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. एका संस्थेने दुसरीकडे परदेशी पैसा वळता करण्यास पूर्ण बंदी झाली. शेवटचा नियम सर्वांत दूरगामी आहे. पूर्वी मुंबई-पुण्याची मोठी संस्था देणगी घेई आणि तालुक्याच्या ठिकाणच्या चार बायांच्या मंडळाला त्यातला वाटा देई. ते मंडळ परदेशी भाषेत प्रस्ताव लिहू शकत नसे, पण काम करू शकत असे. आता ती वाट बंद आहे. सरकारची बाजूही ऐकली पाहिजे: या पैशाचा गैरवापर झालाच नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ३१ मार्चला वर्ष संपले की नऊ महिन्यांच्या आत वार्षिक विवरणपत्र भरावे लागते, आणि डिसेंबरात अशा संस्थांच्या हिशेबनिसांना रात्रीचे जेवण घरी मिळत नाही.

आणि दात्याच्या घरचा वारा फिरला तर काय होते हे २०२५ ने दाखवले. २० जानेवारीला अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवण्याचा हुकूम काढला. १ जुलैला यूएसएड ही सहा दशकांची संस्था कामातून बाद झाली. आदल्या वर्षी जगातील मानवतावादी मदतीपैकी सुमारे चाळीस टक्के वाटा एकट्या अमेरिकेचा होता. महाराष्ट्रापुरते सांगायचे तर तृतीयपंथीयांसाठी पुणे आणि कल्याण येथे चालणारी ‘मित्र’ ही दोन आरोग्यकेंद्रे बंद पडली. तेथे येणाऱ्यांना सरकारी दवाखान्याच्या रांगेत कोणत्या नजरा झेलाव्या लागतात हे सांगायला नको. ‘मेदसँ साँ फ्राँतिएर’, म्हणजे सरहद्दी न मानणाऱ्या डॉक्टरांची संस्था, हिला या तडाख्यात तुलनेने कमी झळ बसली, कारण तिचा ९५ टक्क्यांहून अधिक पैसा लाखो खाजगी देणगीदारांच्या लहान लहान रकमांतून येतो. त्यामुळेच २०१६ साली, निर्वासितांविषयीचे धोरण पटले नाही म्हणून, तिला युरोपीय संघाचा निधी नाकारता आला. ज्याच्या पदरी अनेक लहान दाते असतात त्याला एखाद्या मोठ्या दात्याला ‘नको’ म्हणता येते.

लहान वर्गणीवर परदेशात डॉक्टर पाठवण्याचा धडा आपणही एकदा गिरवला आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाने पोळलेल्या चीनने नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले, तेव्हा काँग्रेसने देशभर निधी जमवला आणि पाच डॉक्टरांचे पथक रवाना केले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. गुलाम आणि दरिद्री देशाने केलेली ही मदत. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच वारले, तेव्हा नेहरू नगरच्या किल्ल्यात कैदेत होते.

जामखेडने पैशाची जी व्यवस्था लावली ती साधी होती. इमारत, वाहन, प्रशिक्षण असा एकदाचा खर्च बाहेरच्या पैशातून. दवाखान्याचा रोजचा खर्च शक्य तितका रुग्णांच्या फीमधून, परवडेल त्याने द्यावी या हिशेबाने. आणि गावातले काम गावातल्या माणसांच्या हाती, म्हणजे हप्ता चुकला तरी बाई गावातच राहते. नंतर देशोदेशींचे विद्यार्थी शिकायला येऊ लागले. जयपूर फूट बनवणारी कार्यशाळाही आवारातच आहे. परदेशी मदत मुळात वाईट किंवा मुळात पवित्र मानणाऱ्या दोन्ही पक्षांना ही व्यवस्था गैरसोयीची आहे.

वाचकांपैकी पुष्कळजण वर्षअखेरीस करसवलतीसाठी का होईना कोणत्या तरी संस्थेला देणगी देतात. त्यांना एवढीच विनंती की ‘माझा पैसा फक्त औषधांसाठी वापरा’ अशी अट घालू नका. हिशेबनिसाचा पगार, गाडीचे डिझेल आणि सेविकेचे मानधन हाही आरोग्याचाच खर्च आहे. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा लहान रक्कम पाच-सात वर्षे द्या. आणि विश्वास ठेवण्याआधी ताळेबंद मागा: नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला तो दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत दाखल करावा लागतो, आणि चांगली संस्था तो मागणाऱ्याला आनंदाने दाखवते.